मॉक्यूने प्रायव्हेट मेथड मॉक होत नाही. मग पट्टीची टेस्ट लिहायची कशी?

प्रश्न असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांसाठी तुमची कंपनी सॉफ्टवेअर करते. पट्टी म्हणजे विक्रीनंतर शेतकऱ्याला मिळणारा हिशोबाचा कागद, आणि ती बनवायला सी शार्पमध्ये 'पट्टीसेवा' नावाचा क्लास आहे आणि बाहेरून दिसणारी त्याची मेथड एकच, 'पट्टी बनव'. आत चार प्रायव्हेट मेथड आहेत. एक डेटाबेसमधून सौद्याचा दर आणते, दुसरी हमाली-तोलाई वजा करून रक्कम रुपयात आणते, तिसरी पट्टीला पुढचा क्रमांक देते आणि चौथी शेतकऱ्याला एसएमएस पाठवते. यातल्या काही मॉक्यूने, म्हणजे टेस्टसाठी खोटे ऑब्जेक्ट बनवणाऱ्या लायब्ररीने, खोट्या करायच्या आणि उरलेल्या तपासायच्या, असा तुमचा बेत आहे. पण 'सेटअप'मध्ये, म्हणजे खोट्या मेथडने काय परत द्यायचं ते सांगतो तिथे, प्रायव्हेट मेथड कंपायलरला दिसतच नाही. पब्लिक करून पाहिली तर टेस्ट चालवताना 'नॉन-ओव्हररायडेबल' मेंबर आहे म्हणून एरर येतो. सीनियर म्हणतात, सगळं पब्लिक व्हर्च्युअल (म्हणजे बाहेरून दिसणारं आणि वारस क्लासला बदलता येणारं) करा आणि मोकळे व्हा. टीम लीडला 80 टक्के कव्हरेज हवंय, म्हणजे टेस्टमध्ये कोडच्या 80 टक्के ओळी चालायला हव्यात.

मीही इथेच विश्रामबागेत बसून अशीच कामं करतो, अडत दुकानांची आणि साखर कारखान्यांची. त्यामुळे पट्टी म्हणजे काय हे मला समजावून सांगायला नको. सरळ उत्तर आधी देतो: मॉक्यूने प्रायव्हेट मेथड मॉक करता येत नाही, आणि तुमच्या चारही मेथडपैकी एकीलाही त्याची गरज नाही. मात्र चौघींचं औषध वेगवेगळं आहे. चौघी प्रायव्हेट आहेत म्हणून त्यांना एकाच रांगेत उभं केलं, तिथे घोळ झालाय.

का जमत नाही ते समजून घ्या, म्हणजे पुढचे निम्मे एरर आपोआप उलगडतील. मॉक्यूच्या पोटात कॅसल डायनॅमिकप्रॉक्सी नावाची लायब्ररी आहे. तुम्ही एखाद्या क्लासचा मॉक मागितला की ती प्रोग्राम चालू असतानाच त्या क्लासचा एक वारस क्लास तयार करते आणि त्याच्या व्हर्च्युअल मेथड ओव्हरराइड करून प्रत्येक कॉल स्वतःकडे वळवते. जादू म्हणायची तर एवढीच. म्हणजे वारसाला जे ओव्हरराइड करता येतं तेच मॉक करता येतं. इंटरफेसमधलं सगळं चालतं, ॲबस्ट्रॅक्ट आणि व्हर्च्युअल चालतं. स्टॅटिक नाही, सील्ड नाही, साधी नॉन-व्हर्च्युअल मेथड नाही. प्रायव्हेट तर वारसाला दिसतसुद्धा नाही. एनसब्स्टिट्यूट आणि फेकइटइझी या लायब्रऱ्याही कॅसलवरच उभ्या आहेत, त्यामुळे लायब्ररी बदलून ही मर्यादा सुटणार नाही. शंका आली की एकच प्रश्न विचारायचा: दुसऱ्या फाइलमध्ये या क्लासचा वारस लिहून मला ही मेथड हाताने ओव्हरराइड करता येईल का? येत असेल तर मॉक्यूलाही येईल.

प्रायव्हेट आणि स्टॅटिकला हात घालणारी हत्यारं आहेत. टाइपमॉक आयसोलेटर, जस्टमॉकची विकतची आवृत्ती, व्हिज्युअल स्टुडिओ एंटरप्राइझसोबत येणारं मायक्रोसॉफ्ट फेक्स. ती वारस क्लास बनवत नाहीत, चालू कोडच वळवतात. ज्या कोडला हात लावायची परवानगीच नाही अशा जुन्या कोडसाठी ठीक. पण प्रत्येक डेव्हलपरच्या मशीनवर आणि बिल्ड सर्व्हरवर लायसन्स लागतं, आणि तुमच्या हातात तर सोर्स कोड आहे. एका क्लाससाठी हा खर्च मी कोणाला सुचवणार नाही.

आता एकेक मेथड घेऊ.

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात सोपी आहे ती वजावट काढणारी. ती बाहेरच्या जगाला हातच लावत नाही. वजन, दर, पोत्यांची संख्या आत गेली की रक्कम बाहेर येते. अशा मेथडला मॉक करणं म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच सुट्टी देणं. ती तपासायची, आणि मनसोक्त तपासायची. उदाहरणापुरते आकडे घेतो: 12 पोती राजापुरी हळद, वजन 6.37 क्विंटल, दर 14,250. गुणाकार येतो 90,772.50. दिवाणजींना विचारलंत तर ते डोळे झाकून 90,773 लिहितील. डॉटनेटचं 'मॅथ डॉट राउंड' मात्र काही न सांगता वापरलं तर 90,772 देतं, कारण त्याची मुळातली सवय बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जायची आहे. वजन 6.39 क्विंटल करा. गुणाकार 91,057.50, आणि या वेळी तेच फंक्शन वर जाऊन 91,058 देतं. म्हणजे एका शेतकऱ्याचा अर्धा रुपया खाली गेला, दुसऱ्याचा वर. त्यात महिनाअखेरचा रिपोर्ट एसक्यूएल सर्व्हरच्या 'राउंड'ने काढला असेल तर डेसिमलसाठी तो अर्धा नेहमी शून्यापासून लांब नेतो, एक्सेलही तसंच करतं. मग पट्टी आणि रिपोर्ट यांत एकेक रुपयाचा फरक दिसू लागतो आणि दुकानात दोन दिवस वही-कॅल्क्युलेटर घेऊन लोक बसतात. राउंड करताना 'अवे फ्रॉम झिरो' असं स्पष्ट सांगा आणि हे दोन्ही आकडे टेस्टमध्ये ठेवा. 90,772.40 सारख्या आकड्याची टेस्ट इथे काही कामाची नाही, ती दोन्ही पद्धतीत पास होते.

ही टेस्ट तुम्ही 'पट्टी बनव'मधून, म्हणजे पुढच्या दारातूनही लिहू शकता, आणि प्रायव्हेट मेथडसाठी पहिला रस्ता नेहमी तोच. पण तुमच्या क्लासमध्ये ते करायला गेलात की आधी खोटा डेटाबेस, खोटं घड्याळ, खोटा एसएमएस अशी पंधरा-वीस ओळींची मांडामांड होते आणि शेवटी तपासायचा असतो एक आकडा. तयारी आणि तपासणी यांचं प्रमाण असं बिघडलं की ती मेथड वेगळ्या क्लासची आहे असं समजायचं. 'पट्टीहिशोब' नावाचा छोटा क्लास करा. त्यात डेटाबेस नाही, तारीख नाही, फक्त आकडेमोड. त्याची मेथड पब्लिक असली तरी क्लास इंटर्नल ठेवा, म्हणजे बाकीच्या प्रोजेक्टांना तो दिसणार नाही. 'पट्टीसेवा'त त्याचा एक कॉल राहील. टेस्टमध्ये मॉक शून्य.

इथे नव्या लोकांना हमखास एक ठेच लागते. एक्सयुनिट या टेस्ट चालवणाऱ्या लायब्ररीच्या 'इनलाइनडेटा'मध्ये डेसिमल देता येत नाही, कारण सी शार्पच्या ॲट्रिब्यूटमध्ये डेसिमल चालतच नाही. मग काही जण डबल (दशांश अचूक न ठेवणारा प्रकार) देतात आणि आत बदलून घेतात. पैशाच्या टेस्टमध्ये डबल आणू नका. 'मेंबरडेटा' वापरा, चार ओळी जास्त लागतील.

वेगळ्या क्लासचा दुसरा फायदा नियम बदलतात तेव्हा कळतो. 2016 मध्ये राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला, तेव्हा त्या व्यापाराच्या सॉफ्टवेअरमध्ये वजावटीची बाजूच बदलली. ज्यांचा हिशोब एका जागी होता त्यांनी एक क्लास बदलला. ज्यांचा डेटाबेसच्या आणि प्रिंटिंगच्या कोडमध्ये पेरलेला होता, त्यांना तो आधी वेचून काढावा लागला.

आता क्रमांक देणारी मेथड. ही पाहायला निरुपद्रवी, पण आत 'डेटटाइम डॉट नाउ' बसलंय, कारण आर्थिक वर्ष बदललं की क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करायचा. टेस्टला 31 मार्चची रात्र हवी असते आणि टेस्ट चालते जुलैत. इथेही मेथड मॉक करायची नाही, घड्याळ बाहेरून द्यायचं. डॉटनेट 8 पासून 'टाइमप्रोव्हायडर' हा क्लास त्यासाठीच आलाय. तो कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनतानाच, घ्या. टेस्टसाठी मायक्रोसॉफ्टचाच 'फेकटाइमप्रोव्हायडर' वेगळ्या पॅकेजमध्ये मिळतो, त्याला हवी ती वेळ लावता येते. एक केस जरूर लिहा: यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक) वेळ 31 मार्च, 18:45. आपल्याकडे तेव्हा 1 एप्रिलची मध्यरात्र उलटून पंधरा मिनिटं झालेली असतात. क्लाउडवरचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर चालतो, त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत तुमचा कोड अजून मागच्या वर्षातच असतो. मार्च एंडला, त्यात हळदीचा हंगाम ऐन भरात, रात्री बारानंतर पट्ट्या निघतात की नाही हे तुम्हाला यार्डात विचारून कळेल. वेळ भारताच्या टाइमझोनमध्ये बदलून मगच वर्ष ठरवा आणि टेस्टमध्ये तीच अपेक्षा लिहा.

दर आणणारी मेथड हा खरा मॉकचा विषय. ती डेटाबेसला हात लावते. उत्तम मार्ग म्हणजे 'दरस्रोत' असा इंटरफेस करायचा, त्यात लॉट क्रमांक घेऊन दर देणारी एक मेथड, आणि तो इंटरफेस कन्स्ट्रक्टरमधून 'पट्टीसेवा'ला द्यायचा. मग मॉक्यूचं साधं 'सेटअप', साधं 'रिटर्न्स'. क्लासमध्ये प्रायव्हेट मॉक करावं असं काही उरतच नाही.

पण क्लास जुना आहे, वीस ठिकाणी त्याचा कन्स्ट्रक्टर वापरलाय आणि आज सगळीकडे हात घालायची परवानगी नाही, हेही मला कळतं. अशा वेळी मधली पायरी अशी: मेथड प्रायव्हेटऐवजी 'प्रोटेक्टेड व्हर्च्युअल' करा. बाहेरच्यांना ती अजूनही दिसत नाही, फक्त वारसाला दिसते. तुमच्या मूळ प्रश्नातलं 'नॉन-पब्लिक मेंबर मॉक करणं' खऱ्या अर्थाने इथे सुरू होतं. मॉक्यूमध्ये त्यासाठी 'मॉक्यू डॉट प्रोटेक्टेड' ही नेमस्पेस जोडायची आणि मॉकवर 'प्रोटेक्टेड' ही मेथड बोलावून मग 'सेटअप' करायचं. मेथड प्रोटेक्टेड असल्याने लॅम्डा (छोटं बेनावी फंक्शन) लिहिता येत नाही, म्हणून तिचं नाव स्ट्रिंगमध्ये द्यावं लागतं आणि परतीचा प्रकार अँगल कंसात. इथपर्यंत सगळीकडे लिहिलेलं असतं. खड्डे कुठे आहेत ते सांगतो.

पहिला खड्डा 'इट' आणि 'इटएक्स्प्र' यांचा. नेहमीच्या सवयीने हात 'इट डॉट इझएनी' लिहितो. लॅम्डाच्या आत ते खूण म्हणून वाचलं जातं, पण स्ट्रिंगवाल्या सेटअपमध्ये ते साधं फंक्शन म्हणून चालतं आणि त्या प्रकाराची मुळातली किंमत परत देतं. आर्ग्युमेंट स्ट्रिंग असेल तर नल जातो आणि मॉक्यू निदान ओरडतो तरी, की नलऐवजी 'इटएक्स्प्र डॉट इझनल' वापरा. आर्ग्युमेंट इंट असेल तर काहीच ओरडत नाही. लॉट क्रमांकासाठी तुम्ही 'कोणताही इंट' असं समजून लिहिलंत, मॉक्यूने वाचलं 'शून्य'. लॉट 4217 चा दर मागितला की सेटअप जुळत नाही. मग एक तर दर शून्य येतो, नाहीतर खरी मेथड चालून डेटाबेसकडे धावते. प्रोटेक्टेड सेटअपमध्ये नेहमी 'इटएक्स्प्र'. कोड रिव्ह्यूमध्ये ही एकच गोष्ट शोधलीत तरी पुष्कळ वेळ वाचेल.

दुसरा खड्डा 'कॉलबेस'. मॉक म्हटला की त्याच्या सगळ्या व्हर्च्युअल मेथड रिकाम्या होतात. तुम्हाला मात्र 'पट्टी बनव' खरी चालवायचीय आणि फक्त 'दर आण' खोटी हवीय. 'पट्टी बनव' नॉन-व्हर्च्युअल असेल तर ती खरीच चालते. उद्या कोणी तिला व्हर्च्युअल केलं की तीही रिकामी होते आणि टेस्टला नल पट्टी मिळते. म्हणून अर्धवट मॉक करताना 'कॉलबेस' ट्रू ठेवा, म्हणजे ज्याचं सेटअप नाही ते सगळं मूळ कोडकडे जाईल. सीनियरांच्या सल्ल्याप्रमाणे सगळं व्हर्च्युअल केलंत तर हा खड्डा तुमची वाट पाहतच आहे.

तिसरा कन्स्ट्रक्टरचा. वारस बनतो म्हणजे मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर खरोखर चालतो. 'पट्टीसेवा'च्या कन्स्ट्रक्टरमध्ये कनेक्शन उघडलं असेल तर 'दर आण' मॉक करूनही टेस्ट डेटाबेसवर जाऊन आपटेल. ते उघडणं आधी बाहेर काढावं लागेल. कन्स्ट्रक्टर चालतो तो मॉकचं 'ऑब्जेक्ट' पहिल्यांदा मागितल्यावर, त्यामुळे कन्स्ट्रक्टर स्वतःच एखादी व्हर्च्युअल मेथड बोलावत असेल तर सेटअप त्याआधी झालेलं हवं.

आणि नावाचं तर आहेच. मेथडचं नाव स्ट्रिंगमध्ये आहे, त्यामुळे कोणी व्हिज्युअल स्टुडिओतून रीनेम केलं तर कंपायलर गप्प, टेस्ट चालवल्यावर 'अशी प्रोटेक्टेड मेथड सापडत नाही' म्हणून एरर. यावर मॉक्यूतच एक तोडगा आहे. 'प्रोटेक्टेड'नंतर 'ॲझ' वापरून तशाच सहीच्या मेथड असलेला एक इंटरफेस द्यायचा. तो तुमच्या क्लासने घेतलेला नसतो, फक्त आकार सारखा असतो. मग नेहमीसारखं लॅम्डा आणि नेहमीचं 'इट' वापरता येतं. नाव बदललं तर एरर तरीही चालवतानाच येतो, पण दुरुस्ती एका जागी होते.

माझी पसंती मात्र याहून साधी आहे. टेस्ट प्रोजेक्टमध्ये हाताने वारस लिहा: 'पट्टीसेवा'चा वारस, 'दर आण' ओव्हरराइड करून 14,250 परत देणारा. पाच ओळी. स्ट्रिंग नाही, 'इटएक्स्प्र' नाही, 'कॉलबेस' नाही. नाव बदललं तर कंपायलर तिथल्या तिथे अडवतो. नवीन आलेल्या मुलाला वाचून लगेच कळतं. लायब्ररी शिकल्यावर सगळीकडे तीच वापरायचा मोह होतो, पण एकाच मेथडसाठी हाताने लिहिलेला वारस जास्त टिकतो.

चौथी, एसएमएसवाली. हिच्यात दोन कामं एकत्र अडकली आहेत: मजकूर तयार करणं आणि तो एसएमएस कंपनीच्या गेटवेला पाठवणं. मजकूर वेगळा काढा, तो वजावटीसारखाच शुद्ध हिशोब आहे आणि त्याच्या टेस्ट फार उपयोगी पडतात. मराठी एसएमएस युनिकोडमध्ये जातो, एका संदेशात 70 अक्षरं बसतात. त्यावर गेलात की संदेशाचे तुकडे होतात, प्रत्येकात 67, आणि पैसे तुकड्यांप्रमाणे. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'सांगली' डोळ्यांना तीन अक्षरं, मोजणीत सहा. डॉटनेटमधली स्ट्रिंगची 'लेंग्थ' नेमकी हीच मोजणी देते, त्यामुळे टेस्ट सोपी: तुमच्या यादीतलं सगळ्यात लांब गावाचं आणि शेतकऱ्याचं नाव घालून लांबी 70 च्या आत राहते का पाहा. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी प्लॅटफॉर्मवर) नोंदवलेल्या टेम्प्लेटशी जुळावा लागतो, नाहीतर वाटेतच अडतो. म्हणून नोंदवलेला मजकूर टेस्टमध्ये जसाच्या तसा ठेवा. कोणी चांगल्या मनाने एखादा शब्द सुधारला तर टेस्ट लाल होईल.

उरलं पाठवणं. तुम्ही 'एचटीटीपीक्लायंट', म्हणजे वेबवर रिक्वेस्ट पाठवणारा डॉटनेटचा क्लास, वापरताय. त्याची 'पोस्टएसिंक' व्हर्च्युअल नाही, म्हणून तिच्यावर सेटअप चालत नाही. पण खरं काम त्याच्या आतला 'एचटीटीपीमेसेजहँडलर' करतो आणि त्याची 'सेंडएसिंक' मेथड प्रोटेक्टेड इंटर्नल ॲबस्ट्रॅक्ट आहे. क्लास तुमचा नाही, तो तुम्ही बदलू शकत नाही, आणि मायक्रोसॉफ्टने दार ठेवलंय ते हेच. इथे प्रोटेक्टेड मॉक करणं पूर्णपणे योग्य आहे: हँडलरचा मॉक, 'सेंडएसिंक'चं सेटअप, रिक्वेस्ट आणि कॅन्सलेशन टोकन दोन्हींना 'इटएक्स्प्र', आणि तो हँडलर देऊन नवा क्लायंट. 'सेंडएसिंक' नेमकी एकदा गेली आणि पत्ता बरोबर होता, एवढं 'व्हेरिफाय' करा. एक बारकावा आहे. उत्तराचा ऑब्जेक्ट एकदाच बनवून 'रिटर्न्सएसिंक'ला दिलात आणि कोडने तो वापरून डिस्पोज केला, तर दुसऱ्या कॉलला तोच मेलेला ऑब्जेक्ट मिळतो. रिट्रायची टेस्ट लिहिताना हे हमखास होतं. लॅम्डा द्या, म्हणजे दर वेळी नवा ऑब्जेक्ट बनेल.

आता राहिलेल्या काही गोष्टी भरभर.

रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालू असताना नावाने मेथड शोधून) प्रायव्हेट मेथड बोलावता येते, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. येते. नाव बदललं की मेथड नल येते आणि टेस्ट भलत्याच एररने पडते. आतून आलेला एक्सेप्शन 'टार्गेटइन्व्होकेशनएक्सेप्शन'मध्ये गुंडाळून येतो, त्यामुळे 'चुकीच्या वजनाला आर्ग्युमेंटएक्सेप्शन यावा' ही साधी टेस्टसुद्धा वाकडी होते. उद्या फेकून द्यायच्या तपासणीसाठी ठीक, कायमच्या टेस्टमध्ये नको.

इंटर्नल क्लाससाठी 'इंटर्नल्सव्हिजिबलटू' वापरा. डॉटनेट 5 च्या एसडीकेपासून ते थेट प्रोजेक्ट फाइलमध्ये लिहिता येतं. टेस्ट प्रोजेक्टचं नाव घातलंत की टेस्टला क्लास दिसतो. पण इंटर्नल इंटरफेसचा मॉक करायला गेलात तर कॅसलचा एरर येईल की हा प्रकार दिसत नाही. कारण वारस तुमच्या टेस्ट प्रोजेक्टमध्ये बनत नाही, तो 'डायनॅमिकप्रॉक्सीजेनअसेंब्ली2' नावाच्या तात्पुरत्या असेंब्लीत (कंपाइल झालेल्या कोडच्या गठ्ठ्यात) बनतो. तिचंही नाव यादीत घाला. असेंब्ली स्ट्राँग-नेम्ड (डिजिटल सही केलेली) असेल तर नुसतं नाव पुरत नाही, पब्लिक कीही द्यावी लागते.

तुमच्या टीममध्ये जावावाले असतील तर त्यांच्यासाठी: जावाची मॉकिंग लायब्ररी मॉकिटोही प्रायव्हेट मेथड मॉक करत नाही, आणि हे त्यांनी जाणूनबुजून ठेवलंय. मॉकिटो 5 मध्ये इनलाइन मॉकमेकर मुळातच चालू असल्याने फायनल क्लासही मॉक होतात, स्टॅटिकही होतात, प्रायव्हेट तरीही नाही. त्यांच्याकडे पॅकेज-प्रायव्हेट ही सोय आहे, टेस्ट त्याच पॅकेजमध्ये ठेवली की काम होतं. पॉवरमॉक हा दुसरा पर्याय प्रायव्हेट मॉक करायचा, पण जावा 17 च्या बंदिस्त केलेल्या आतल्या भागांशी त्याचं पटत नाही. नव्या प्रोजेक्टमध्ये तो आणू नका.

सीनियरांच्या सल्ल्याबद्दल. सगळं पब्लिक व्हर्च्युअल केल्याने टेस्ट लिहिता येतील, हे खरं आहे. पण 'एसएमएस पाठव' पब्लिक झाली की सहा महिन्यांनी कोणीतरी दुसऱ्या स्क्रीनवरून ती सरळ बोलावेल आणि पट्टी न होताच शेतकऱ्याला रक्कम जमा झाल्याचा निरोप जाईल. शिवाय तुमच्या टेस्ट 'वजावट काढ एकदा बोलावली गेली का' असलं तपासू लागतील. ती एकदा बोलावली की दोनदा, याच्याशी शेतकऱ्याला काय करायचंय? पट्टीवरचा आकडा बरोबर हवा. अशा टेस्ट कोडची मांडणी थोडी बदलली तरी पडतात आणि आकडा चुकला तरी पास होतात. त्यांना हे असंच सांगा, वाद न घालता. दर आणणाऱ्या मेथडपुरतं 'प्रोटेक्टेड व्हर्च्युअल' मान्य करा, बाकीच्या तिघींना नको.

कव्हरेजचं टीम लीडला सांगणं सोपं आहे. कव्हरलेटसारखी कव्हरेज मोजणारी टूल्स कोडची ओळ किंवा फाटा चालला की नाही एवढंच पाहतात. मेथड प्रायव्हेट आहे की पब्लिक, याचा त्यांना फरक पडत नाही. वरचे बदल करून 'पट्टी बनव'मधून चार-पाच केस चालवल्यात तर आतल्या प्रायव्हेट ओळीही मोजल्या जातात आणि 80 चा आकडा फारशी ओढाताण न करता येतो. पण राउंडिंगची ओळ 90,772.40 नेही चालते आणि 90,772.50 नेही. रिपोर्टमध्ये दोन्ही वेळा ती सारखीच हिरवी. 'पट्टीहिशोब' वेगळा झाला की त्याच्यावर स्ट्रायकर डॉटनेट चालवून बघा. ते तुमच्या कोडमध्ये मुद्दाम बिघाड करतं, अधिकचं उणे करतं, 'पेक्षा मोठं'चं 'मोठं किंवा समान' करतं, आणि मग टेस्ट पडतात का ते पाहतं. न पडलेल्या बिघाडांची यादी घेऊन बसलात की कोणत्या केस राहिल्यात ते कळतं. फक्त त्याच एका क्लासवर चालवा. पूर्ण सोल्युशनवर लावलंत तर मशीन तासन्‌तास अडकून बसेल.